आळशी डोळ्याच्या चिकित्सेनंतर बालकांचे दृष्टिकर्म : वैद्यांचे व औषधी विक्रेत्यांचे कर्तव्य

प्रास्ताविक

"डोळ्याची पट्टी सुटली, डॉक्टरांनी नजर सुधारली असे सांगितले, आता चष्माही सुटेल असे काही औषध द्या." ही विनंती घेऊन येणारे पालक आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. आळशी डोळा, म्हणजेच अँब्लिओपिया या विकाराचे निदान व प्राथमिक चिकित्सा नेत्रतज्ज्ञांकडे होते. मात्र चिकित्सा संपल्यानंतरच्या काळात ते बालक नेत्रतज्ज्ञांकडे क्वचित आणि आपल्याकडे वारंवार येते. कधी कासासाठी, कधी कृमींसाठी, कधी शिरःशूलासाठी. या काळात त्याच्या दृष्टीचे काय होते, काय उरते व काय पुन्हा गमावले जाऊ शकते, याची माहिती वैद्यांना असणे अगत्याचे आहे. त्या दृष्टीने प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार केला आहे.

रोगस्वरूप

नेत्राची रचना जवळजवळ निर्दोष असूनही, योग्य नंबराचा चष्मा लावल्यावरसुद्धा एका डोळ्याने (क्वचित दोन्ही डोळ्यांनी) अपेक्षेइतके स्पष्ट दिसत नाही, या अवस्थेस अँब्लिओपिया म्हणतात. साधारणपणे शंभरात दोन ते तीन बालकांत हा विकार आढळतो. त्याची प्रमुख कारणे तीन आहेत. पहिले, तिरळेपणा; दुसरे, दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक किंवा दोन्ही डोळ्यांचा फार मोठा नंबर; आणि तिसरे, जन्मजात मोतीबिंदू, पापणी पडलेली असणे किंवा बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर फूल पडणे, ज्यामुळे प्रकाश व आकृती आत पोहोचतच नाहीत.

या तिन्ही प्रकारांत मेंदूस एका डोळ्याकडून अस्पष्ट किंवा न जुळणारी प्रतिमा मिळते. मेंदू ती हळूहळू दुर्लक्षितो व दुसऱ्या डोळ्यावर विसंबतो. डेव्हिड ह्युबेल व टॉर्स्टेन वीझेल या संशोधकांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा काही काळ बंद ठेवून केलेल्या प्रयोगांत असे दाखवून दिले की, वाढीच्या विशिष्ट काळात डोळ्याला दृश्य न मिळाल्यास मेंदूतील त्या डोळ्याच्या वाट्याच्या पेशी दुसऱ्या डोळ्याकडे वळतात. दृष्टिसंस्थेवरील त्यांच्या कार्याबद्दल १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मानवी बालकांत हा संवेदनशील काळ साधारणतः सात ते आठ वर्षांपर्यंत अधिक प्रभावी असतो. त्यानंतर सुधारणा अशक्य नसते, परंतु ती मंद व अपुरी होत जाते.

आयुर्वेदीय विचार

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांचे वर्णन आहे. त्यांपैकी एखाद्याशी, विशेषतः तिमिराशी, अँब्लिओपियाचे सरळ साम्य लावण्याची प्रथा काही लेखनात दिसते. आमच्या मते हे घाईचे आहे. तिमिरात पटलगत दोषांचा क्रम सांगितला आहे. येथे मात्र मुख्य उणीव नेत्राच्या पलीकडे आहे.

याहून उपयुक्त विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील इंद्रियोपक्रमणीय अध्यायात सापडतो. तेथे इंद्रिय, त्याचे द्रव्य, त्याचे अधिष्ठान, त्याचा अर्थ व त्याची बुद्धी असे पंच-पंचक सांगितले आहे. नेत्र हे अधिष्ठान, रूप हा अर्थ आणि चक्षुर्बुद्धी हे त्यातून उत्पन्न होणारे ज्ञान. अँब्लिओपियात अधिष्ठान बहुतांशी ठीक असते. चक्षुर्बुद्धी मात्र घडलेली नसते. त्याचे कारणही चरकांच्या परिभाषेत असात्म्येंद्रियार्थसंयोग असे मांडता येते. मोतीबिंदू किंवा पडलेल्या पापणीमुळे रूपाचा अयोग होतो; तिरळेपणा व नंबरातील फरक यामुळे मिथ्यायोग होतो. ही मांडणी आकलनासाठी आहे, पुरावा म्हणून नव्हे. तरीही तिच्यातून चिकित्सेची दिशा स्पष्ट होते. प्रथम निदानपरिवर्जन, म्हणजे मोतीबिंदू काढणे व योग्य चष्मा देणे. नंतर दुर्बल डोळ्याचा रूपाशी सम्यक् योग घडवून आणणे, म्हणजे चांगला डोळा ठरावीक काळ झाकणे.

चिकित्सेचे आजचे स्वरूप

या विकारावरील सर्वांत भक्कम माहिती अमेरिकेतील पेडिअॅट्रिक आय डिसीज इन्व्हेस्टिगेटर ग्रुप या संशोधक गटाच्या नियंत्रित चाचण्यांतून मिळते. तीन ते सात वर्षे वयोगटातील बालकांवरील २००२ सालच्या चाचणीत चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधणे व चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचे थेंब टाकून त्याची नजर तात्पुरती धूसर करणे, या दोन्ही उपायांनी सहा महिन्यांत तक्त्यावरील सुमारे तीन ओळींची सुधारणा झाली. २००३ साली असे दिसून आले की, मध्यम तीव्रतेच्या विकारात रोज दोन तास पट्टी व रोज सहा तास पट्टी यांचा चार महिन्यांनंतरचा परिणाम सारखाच होता. २००६ सालच्या अभ्यासात, नंबरातील फरकामुळे झालेल्या विकारात केवळ योग्य चष्मा नियमित लावल्याने ७७ टक्के बालकांत दोन किंवा अधिक ओळींची सुधारणा झाली आणि सुमारे एक चतुर्थांश बालकांत विकार पूर्णपणे नाहीसा झाला.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पालक ज्याला केवळ 'काच' समजतात तो चष्मा स्वतःच औषध आहे. पट्टी सुटली तरी चष्म्याचे प्रयोजन संपत नाही, कारण मिथ्यायोगाचे मूळ, म्हणजे नंबरातील फरक, तेथेच असतो.

चिकित्सेनंतर दृष्टिकर्मात काय उरते?

दृष्टी म्हणजे तक्त्यावरील अक्षरे वाचणे एवढेच नव्हे. चिकित्सेने ६/९ किंवा ६/६ दृष्टी आलेल्या बालकातही पुढील उणिवा राहू शकतात.

(१) पंक्तीतील अक्षरांचा गोंधळ : दुर्बल डोळ्याला सुटे अक्षर नीट दिसते, पण ओळीत शेजारी शेजारी असलेली अक्षरे एकमेकांत मिसळतात. म्हणून सुट्या अक्षरांवर तपासलेली दृष्टी फसवी ठरते. तपासणी नेहमी पूर्ण ओळीवर करावी.

(२) खोलीचे ज्ञान : दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा एकत्र येऊन वस्तूचे अंतर कळते. ही शक्ती, विशेषतः तिरळेपणा असलेल्या बालकांत, एका डोळ्याची नजर सुधारल्यावरही अनेकदा अपुरी राहते. पाणी ओतताना पेल्याबाहेर सांडणे, चेंडू झेलताना हात उशिरा मिटणे, जिन्याची शेवटची पायरी चुकणे, सुई ओवता न येणे, ही तिची व्यवहारातील रूपे होत.

(३) फिकट व गडद यांतील भेद : तक्त्यावरील ठळक काळी अक्षरे वाचणाऱ्या डोळ्याला फिकट छपाई, पुसट झालेला फळा किंवा संध्याकाळच्या उजेडातील आकृती ओळखणे अवघड जाऊ शकते.

(४) वाचनाचा वेग : अमेरिकेतील डॅलस येथील संशोधकांनी असे दाखविले आहे की, अँब्लिओपिया असलेली बालके दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचतानाही समवयस्कांपेक्षा हळू वाचतात. उत्तरपत्रिकेतील छोटी वर्तुळे भरण्याच्या कामासही त्यांना अधिक वेळ लागतो. अशा बालकास 'आळशी' किंवा 'लक्ष नसलेला' असे म्हटले जाते, हे दुर्दैव होय.

(५) हाताचे सूक्ष्म काम : मणी ओवणे, रेषेवरून कापणे, वेगाने लिहिणे यांत काही बालके मागे पडतात.

(६) मन : पट्टी व चष्मा यांवरून होणारी चेष्टा पट्टी सुटल्यावरही बालकाच्या मनात राहते. खेळापासून दूर राहणारे मूल भित्रे आहे की त्याला चेंडूचे अंतरच कळत नाही, हे विचारल्याशिवाय समजत नाही.

या उणिवा प्रत्येक बालकात असतातच असे नाही. तसेच त्या असल्या म्हणजे चिकित्सा व्यर्थ गेली असेही नाही. २००२ सालच्या चाचणीतील बालकांना वयाच्या पंधराव्या वर्षी पुन्हा तपासले असता, सुमारे ६० टक्के बालकांच्या दुर्बल डोळ्याची दृष्टी ६/७.५ किंवा त्याहून चांगली होती. चिकित्सा पाच वर्षांच्या आत सुरू झालेल्या बालकांत परिणाम अधिक चांगला होता.

पुनरावर्तन

चिकित्सा यशस्वी होऊन थांबविल्यानंतर एका वर्षात सुमारे एक चतुर्थांश बालकांची दृष्टी पुन्हा घसरते, असे उपरोक्त गटाने २००४ साली नोंदविले. रोज सहा तास किंवा अधिक पट्टी बांधणाऱ्या ज्या बालकांची पट्टी एकदम बंद केली, त्यांत हे प्रमाण ४२ टक्के होते. प्रथम दोन तासांवर आणून मग बंद केलेल्या बालकांत ते १४ टक्के होते. अभ्यस्त गोष्ट क्रमाक्रमाने, पादांशाने सोडावी हा आपल्या शास्त्राचा उपदेश येथे अनुभवास येतो. पट्टी कधी व कशी सोडावी हे नेत्रतज्ज्ञच ठरवितील. परंतु ती पालकांनी परस्पर सोडली आहे काय, हे आपण विचारू शकतो.

रुग्णवृत्त

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे साडेसहा वर्षांची एक मुलगी शिरःशूलाच्या तक्रारीसह आणली गेली. पूर्ववृत्त असे होते. पाचव्या वर्षी उजव्या डोळ्याचा नंबर +४.५० व डाव्याचा +१.०० आढळला. उजव्या डोळ्याची चष्म्यासह दृष्टी ६/२४ होती. चष्मा व रोज दोन तास डाव्या डोळ्यावर पट्टी या उपायांनी अकरा महिन्यांत उजव्या डोळ्याची दृष्टी ६/९ झाली. पालकांनी 'डोळा बरा झाला' असे समजून पट्टी व चष्मा दोन्ही बंद केले आणि पुढील तपासणीस नेले नाही.

आम्ही अभ्यंतर त्रिफळाघृत दिले व नेत्रतर्पणाचे दोन क्रम केले. शिरःशूल कमी झाला. पालक संतुष्ट झाले, आम्हीही झालो. मुलीला भिंतीवरील दिनदर्शिका वाचावयास सांगितली. तिने ती दोन्ही डोळे उघडे ठेवून अडखळल्याविना वाचली. एकेक डोळा झाकून वाचून घेणे आम्हास सुचले नाही. चष्मा घरी कपाटात होता.

पुढील वर्षी शाळेतील आरोग्य तपासणीत उजव्या डोळ्याची दृष्टी पुन्हा ६/२४ आढळली. त्या वेळी मुलीचे वय साडेसात वर्षांचे होते. चष्मा व पट्टी पुन्हा सुरू झाली. यावेळी मुलगी विरोध करीत असे आणि शाळेचे तासही वाढले होते. वर्षाहून अधिक काळानंतर दृष्टी ६/१२ वर येऊन थांबली. प्रथम मिळालेली ६/९ दृष्टी परत आली नाही.

तर्पणामुळे अपाय झाला असे आमचे म्हणणे नाही. अपाय झाला तो एकेक डोळा स्वतंत्रपणे न तपासल्यामुळे आणि चष्मा कोठे आहे हे न विचारल्यामुळे. ज्या वर्षी डोळा सांभाळता आला असता ते वर्ष आमच्या देखरेखीखाली गेले. हे वृत्त येथे देण्याचे कारण इतकेच की, अशी चूक कोणत्याही दवाखान्यात सहज घडू शकते.

क्रियाकल्पांचे स्थान

तर्पण, पुटपाक, सेक, आश्च्योतन व अंजन हे शालाक्यतंत्राचे वैभव आहे. तथापि चष्मा व पट्टी यांच्यामागे शेकडो बालकांवरील नियंत्रित चाचण्यांचा आधार आहे. तसा आधार या विकारात घृतप्रयोगामागे आजमितीस नाही. म्हणून क्रियाकल्प करावयाचेच असल्यास ते चष्मा व पट्टी चालू ठेवून, त्यांना पूरक म्हणूनच करावेत. पर्याय म्हणून कदापि करू नयेत. तर्पणासाठीचे घृत ताजे, गाळलेले व स्वच्छ पात्रातील असावे, आणि कोमट करून त्याची उष्णता आधी स्वतःच्या त्वचेवर पाहावी. तर्पणानंतर लगेच नजर धूसर असते, म्हणून त्या वेळी दृष्टी तपासून निष्कर्ष काढू नये. शिसे असलेला सुरमा किंवा अज्ञात घटकांचे काजळ बालकांच्या डोळ्यांत घालू देऊ नये.

वैद्यांनी करावयाची तपासणी

(१) आळशी डोळ्याची चिकित्सा झालेले बालक कोणत्याही तक्रारीसाठी आले तरी चष्मा लावला आहे काय, पट्टी कोणी व कधी थांबविली, शेवटची नेत्रतपासणी कधी झाली, हे तीन प्रश्न विचारावेत.

(२) सहा मीटर अंतरावरून, चष्म्यासह, एकेक डोळा स्वतंत्रपणे तपासावा. हाताने डोळा झाकल्यास बालक बोटांच्या फटीतून पाहते, म्हणून चिकटपट्टी किंवा जाड पुठ्ठा वापरावा. वाचता न येणाऱ्या बालकासाठी निरनिराळ्या दिशांनी वळविलेल्या 'ई' आकृतीचा तक्ता असावा.

(३) आकडे नोंदवहीत तारखेसह लिहावेत. मागील नोंदीपेक्षा दोन ओळी कमी आल्यास नेत्रतज्ज्ञांकडे त्वरित पाठवावे.

(४) चिकित्सा थांबविल्यापासून तीन महिन्यांच्या आत पहिली तपासणी झालीच पाहिजे. पुढे निदान वर्षातून एकदा ती करावी.

(५) पाणी ओतणे, मणी ओवणे, चेंडू झेलणे यांविषयी मातेस विचारावे. ही निदानाची साधने नव्हेत, पण शंकेस वाट देणारी आहेत.

(६) बाहुलीत पांढरी झाक दिसल्यास एक दिवसही न दवडता पाठवावे. तेथे मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा कर्करोग असू शकतो.

(७) चांगल्या डोळ्याचे रक्षण करावे. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथील दीर्घकालीन अभ्यासात, अँब्लिओपिया असलेल्या व्यक्तींना आयुष्यात दोन्ही डोळ्यांचे दृष्टिमांद्य येण्याचा धोका सुमारे १८ टक्के, तर इतरांना १० टक्के आढळला. दिवाळीचे फटाके, विटीदांडू, धनुष्यबाण, रंगपंचमीचे फुगे यांविषयी पालकांना स्पष्ट सांगावे. चष्म्याची काच न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटची असावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यकांना स्थान आहे, आणि ही पथके अंगणवाड्या व शाळांत बालकांची तपासणी करतात. तेथे कार्यरत असलेल्या आपल्या व्यवसायबंधू-भगिनींनी 'पूर्वी पट्टी बांधली होती काय' हा एक प्रश्न वाढविल्यास अनेक बालकांची घसरण वेळीच लक्षात येईल.

औषधी विक्रेत्यांसाठी

अॅट्रोपिनच्या बाबतीत विशेष दक्षता आवश्यक आहे. आळशी डोळ्यासाठी वापरले जाणारे अॅट्रोपिन सामान्यतः १ टक्का तीव्रतेचे असते, तर दूरदृष्टी मंद असलेल्या बालकांचा वाढता नंबर रोखण्यासाठी दिले जाणारे ०.०१ टक्के तीव्रतेचे असते. दोहोंत शंभर पटींचा फरक आहे. त्यामुळे चिठ्ठीवरील तीव्रता, डोळा उजवा की डावा, व थेंबांची वारंवारता नीट वाचून मगच औषध द्यावे. चिठ्ठीविना किंवा जुन्या चिठ्ठीवर ते देऊ नये.

धत्तुराच्या विषलक्षणांशी आपला परिचय आहेच. अॅट्रोपिन त्याच कुळातील द्रव्य आहे. मुखशोष, चेहऱ्यावर लाली, ज्वर, नाडीची गती वाढणे, बडबड ही लक्षणे दिसल्यास औषध थांबवून बालकास तत्काळ रुग्णालयात न्यावे. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडील कोपरा मिनिटभर दाबून धरावा, हात धुवावेत व बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी, हे पालकांस सांगण्यास अर्धे मिनिट लागते.

पट्टीही नीट निवडून द्यावी. चष्म्यावर बसविलेल्या कापडी पट्टीच्या कडेने बालक डोकावते. त्वचेस चिकटणारी पट्टी अधिक विश्वसनीय असते; पुरळ आल्यास नेत्रतज्ज्ञांस विचारून बदल करावा. सांगितलेल्या तासांहून अधिक पट्टी बांधू नये, कारण अतियोगाने झाकलेला चांगला डोळाच मंद होऊ शकतो.

'चष्मा घालविणारे' म्हणून विकल्या जाणाऱ्या थेंबांस व चूर्णांस दुकानात स्थान देऊ नये. १९५४ च्या औषधे व जादुटोण्याचे उपाय यांविषयीच्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या अनुसूचीत अंधत्व व मोतीबिंदू यांचा समावेश आहे, हेही स्मरणात ठेवावे. कायद्याहून मोठी गोष्ट अशी की, असा थेंब विकत घेणारी माता घरी गेल्यावर बहुधा चष्मा काढून ठेवते.

उपसंहार

आळशी डोळ्याची चिकित्सा पट्टी सुटण्याने संपत नाही. दृष्टी ६/९ किंवा ६/६ झाली तरी खोलीचे ज्ञान, वाचनाचा वेग व हाताचे काम यांत उणीव राहू शकते, आणि एक चतुर्थांश बालकांत मिळविलेली दृष्टीही घसरू शकते. ही घसरण बालक स्वतः सांगत नाही, कारण दोन्ही डोळे उघडे असताना त्याला सर्व दिसते. ती शोधावी लागते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. भिंतीवर एक तक्ता, सहा मीटर जागा, एक जाड पुठ्ठा आणि नोंदवहीचे एक पान पुरेसे आहे. आपल्या दवाखान्यात हा तक्ता नसल्यास तो या आठवड्यात लावावा, एवढीच सर्व व्यवसायबंधू-भगिनींस आमची विनंती आहे.